आनंदाबाईच्या नावाची वाटी

"देणाऱ्याचं नाव काय टाकू, बाई?" भांड्यांवर नावं कोरणाऱ्या हरिदासनं वाटी दोन्ही गुडघ्यांत धरून विचारलं.

रुख्माबाईनं आधी मागं पाहिलं, मग पुढं. पुलगावच्या बाजारात अर्धं नाचणगाव लोटलेलं असतं. पण आज ओळखीचं कोणी दिसत नव्हतं. समोरच्या बाजूला लोहाराचा भाता नेहमीसारखा फुसफुसत होता, बाकी सगळी परकी माणसं.

"आनंदाबाई," ती हळूच म्हणाली.

ते तिचं नाव नव्हतं. शेजारणीचं होतं.

ही वाटी ठरवायला तिला तीन बाजार लागले होते. नातीच्या पायात चांदीचे वाळे पाहायची हौस कोणत्या आजीला नसते? पण पदराच्या गाठीतले कापूसवेचणीचे पैसे सोनाराच्या पायरीपर्यंतही पोचत नव्हते. खुळखुळा चार दिवसांत फुटतो. झबलं दोन महिन्यांत आखूड होतं. स्टीलची वाटी आपटली तरी फार तर पोचा येईल. पोरगी पहिला वरणभात तिच्यातून खाईल, पुढं सासरी नेईल. दुकानातल्या एकूण एक वाटीचा काठ रुख्माबाईनं बोटानं चाचपून पाहिला होता. लेकराच्या ओठाला लागायला नको.

हरिदासची छिन्नी टकटक चालली होती. काम संपल्यावर त्यानं वाचून दाखवलं, "चिरंजीव बाळास, सौभाग्यवती आनंदाबाई बंडूजी भोयर, नाचणगाव."

रुख्माबाईनं तर नुसतं आनंदाबाई एवढंच सांगितलं होतं.

"बंडूजीले वळखता काय?"

"नावावरच तं पोट हाय बाई आमचं," हरिदास म्हणाला आणि वाटी धोतराला पुसून तिच्या हातात दिली.

आता पोटच्या पोरीच्या लेकराला शेजारणीच्या नावानं वाटी का द्यावी लागावी? तर वच्छलानं दोन वर्षांमागं हिंगणघाटच्या मिलमधल्या ओमप्रकाशशी वर्ध्याच्या कोर्टात जाऊन लग्न केलं. त्या दिवशी रुख्माबाईचा नवरा किसनराव ओट्यावर उभा राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "माई पोरगी मेली. या घरातून तिकडं सुई जरी गेली, तं नेणाऱ्यानं वापस येऊ नये." तेव्हापासून 'वच्छीची माय' ही हाक बंद झाली. बायकोला बोलवायचं तर नुसतं "अवं".

जावई तरी कुठं कमी? गेल्या दिवाळीला रुख्माबाईनं भावाच्या हातून चोरून लुगडं पाठवलं, ते त्यानं घडी न मोडता परत केलं. ज्या घरी माझं नाव चालत नाही, त्या घरचं लुगडंही मला चालत नाही, म्हणाला. सासरा आणि जावई, दोघंही एकाच पिळाचे. आता बोला! वाटी दोघांच्याही नजरेतून सुटायला हवी होती.

घरी किसनराव ओट्यावर वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, घेऊन बसला होता.

"अवं, कुठं गेलती?"

"मीठ सरलं होतं."

"ही पास बोथटच राह्यली. मागच्या बाजारी नेलती मी, तं लोहारच नव्हता."

लोहार कधी बाजार चुकवतो काय, असं रुख्माबाईच्या अगदी ओठावर आलं. पण तू लोहारासमोर काय करून राह्यली होती, असं यानं विचारलं म्हणजे? ती चुलीकडं वळली.

तिन्हीसांजेला तिनं भिंतीवरून वाटी आनंदाबाईकडं सरकवली. आनंदाबाईनं ती फिरवून फिरवून पाहिली, आपलं नाव वाचलं आणि पदर तोंडाशी नेला.

"हासू नको वं. शपथ घे, कोणाले सांगनार नाई."

"घेतली माय. या बारशापायी किती शपथा घेऊ मी!"

बारशाच्या दिवशी आनंदाबाई सकाळच्या एसटीनं गेली. आणि नेमका त्याच दिवशी किसनराव वावरात गेला नाही. रस्त्याकडं तोंड करून, अडकित्ता घेऊन ओट्यावर बसला. आनंदाबाई याच्याच समोरून येणार, हा हटकणार, आणि सारं फुटणार.

"वावरात नाई जानं?" रुख्माबाईनं दोनदा विचारून पाहिलं.

"पाय दुखून राह्यला."

पण एसटीचा भोंगा वाजला की त्याच दुखऱ्या पायावर तो उठून उभा राहत होता. हा आज पहारा करतो आहे, याबद्दल तिला शंका उरली नाही. जेवणसुद्धा त्यानं ओट्यावरच मागून घेतलं.

दिवेलागणीला आनंदाबाई आली. ओट्यावरून खाली मान घालून तरातरा थेट चुलीपाशी. पदरात बारशाच्या घुगऱ्या होत्या.

"घेतली?" रुख्माबाईनं हळूच विचारलं.

"घेतली. ओमप्रकाशनं सोताच्या हातानं घेतली. म्हने, काकू, तुमचं नाव हाय म्हनून. पोरगी कशी, लोन्याचा गोया हाय नुसता."

रुख्माबाईला रडू आवरेना. दोन वर्षांचं सगळं एकदमच बाहेर आलं.

"रडू नको, पुढचं आयक. वच्छी मले म्हने, काकू, एका पोरीले दोन वाट्या काऊन आनल्या? दोन्हीचे काठ गुळगुळीत, अन् दोन्हीवर तुमचंच नाव."

रुख्माबाईचा डोळे पुसणारा हात थांबला.

"दोन? दुसरी कोनाची वं?"

"मी शपथ घेतली हाय," आनंदाबाई म्हणाली. "दोघायची."

ओट्यावरचा अडकित्ता थांबला. किसनराव खाकरला.

"वच्छीची माय," त्यानं बाहेरूनच विचारलं, "नात कोनावर गेली म्हनते वं?"