एका शर्टाला एक क्रियापद

सत्तावीस वर्षांच्या लेकीचा फोन यायला दहा मिनिटं होती. इस्त्रीवालीने टेबलावर एक शर्ट पसरला, गिऱ्हाइकासाठी नव्हे, उजळणीसाठी. कॉलरवर इस्त्री फिरवत "मी बोलते", उजव्या बाहीवर "तू बोलतेस", डाव्या बाहीवर "ती बोलते", पाठीवर "आम्ही बोलतो". सगळं स्पॅनिशमध्ये. सहा महिने हेच चाललं होतं, एका शर्टाला एक क्रियापद. शेजारचा चावीवाला म्हणायचा, "मावशी, कपड्यांना शिव्या घालता की काय?"

शिकवणारे होते बोटीवरचे निवृत्त आचारी, तिचं जुनं गिऱ्हाईक. तिकडेही "तू"ला "तू"च म्हणतात, हे ऐकून तिला हसू आवरेना. पण विहीणबाईंना "तू" चालायचं नाही, तिथे अदबीचं "उस्तेद"च म्हणायचं, असं आचाऱ्यांनी दहादा बजावलं. लेकीने परदेशात परस्पर लग्न उरकलं तेव्हा हिच्या काळजाला घरं पडली होती. तरी व्याह्यांशी चार शब्द आपल्या तोंडाने बोलायचेच, असं तिने मनाशी धरलं होतं. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. पोरगी चाट पडली पाहिजे!

फोन आला. "आई, बरी आहेस ना?" पडद्यावर लेक आपल्या तिकडच्या स्वयंपाकघरात उभी दिसली. तेवढ्यात मागून एक पिकल्या केसांची बाई आली आणि पडद्यात डोकावली. अगं बाई, विहीणबाई! फोटोत पाहिलेल्या. इस्त्रीवालीने घाईघाईने केस सारखे केले.

"या कोण गं?" विहीणबाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं.

लेक हसली. मग त्याच भाषेत म्हणाली, "आमच्या घरी इस्त्रीला होत्या. आई वारल्यावर यांनीच माझं सगळं केलं."

शब्द न् शब्द कळला. एकही मेला निसटला नाही. पोटच्या पोरीने जिवंतपणी मारून टाकलं, आणि वर हसून. इस्त्रीवालीला वाटलं, त्या आचाऱ्याने काहीच शिकवलं नसतं तर फार बरं झालं असतं.

"काय म्हणाल्या गं त्या?" तिने आपल्या भाषेत विचारलं. अजून एक संधी द्यावी म्हणून.

"तुला नमस्कार सांगतायत, आई."

विहीणबाई मायेने हसल्या. समोरचीला कळणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "खूप वर्षं काम केलंत ना हो हिच्याकडे?"

लेक अर्थ सांगायला तोंड उघडणार, तोच इस्त्रीवाली बोलली. स्वच्छ स्पॅनिशमध्ये, शिकवलं होतं तसं अगदी अदबीने.

"हो बाई, सत्तावीस वर्षं. आज सोडलं."