पेटीतला दर्या

टाकीतली कोरलं आजही मिटलेलीच होती, आणि नंदूला त्याचं बरंच वाटलं. निदान हाताला काहीतरी काम होतं.

मरोळच्या त्या उंच इमारतीतल्या हॉलमध्ये समुद्र होता तो एवढाच. काचेच्या पेटीत खारं पाणी, दगड, वर निळा दिवा, आणि दगडांवर मऊ कोरलं, जिवंत प्रवाळ. एरवी दुपारी ती बोटं पसरून पाण्याबरोबर डुलत असायची. या आठवड्यात मात्र पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी आक्रसून बसली होती. नंदूने पाण्यातलं मीठ मोजलं. बरोबर होतं. तापमान बघितलं, तेही बरोबर. दिवा वर सरकवला, पंपाचं तोंड फिरवलं. पाणी तर त्याने कालच बदललं होतं.

श्रुतिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून ती नळ सोडून रडली होती.

"सांग ना आईंना आता," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "संध्याकाळी वेसाव्याला आणतील भावोजींना. काय, रिक्षात बसल्यावर सांगणार आहेस?"

"एवढं बघतो."

"नंदू, ते कोरल आहे रे."

ते काय त्याला कळत नव्हतं? बाळाची बोट उलटलेली सापडली होती, आणि आज सकाळी बाळाही सापडला होता. धाकट्या भावाला नंदूने शवागारात मनगटातल्या कड्यावरून ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही राहिलं नव्हतं. तिथून घरी आला, बूट काढले, आणि आईकडे न बघता बाह्या वर करून टाकीत हात घातला. आईची समजूत, पोरगा ऑफिसातून लवकर आलाय.

आई टाकीशेजारीच खुर्चीत होती. कमळ तिचं नाव. जन्म सगळा वेसाव्याच्या बंदरावर मासळीच्या पाट्या उचलण्यात गेला, आणि शेवटी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा नंदूने तिला इथे आणून बसवलं होतं. बोटीचा वायरलेस बंद पडल्यापासून ती टीव्ही लावू देत नव्हती. वाढलं की जेवायची, आणि बाकी वेळ टाकीकडे बघत बसायची.

"वायरलेसच बिघडला असंल," ती आताही म्हणाली. "वारा सुटला का बोटी आडोशाला जातात. तुझा बाप नाय, गुजरातला जाऊन बसलेला? सगळ्यांनी आशा सोडलेली, आणि हा आला दाढी वाढवून."

नंदूने हं म्हटलं. त्याने मागचा मोठा दगड उचलून बाजूला केला. खालच्या फटीत काहीतरी गोल अडकलं होतं. नखाने सोडवून त्याने ते वर काढलं.

ढब्बू पैसा होता. देव्हाऱ्यातला, आजोबांच्या वेळचा. कडेने हिरवा पडलेला.

"आये, हे कोणी टाकलं?"

"मीच. ठेव तिथं." आई खुर्चीतून पुढे झाली. "बाळाचा हाय तो. बोट अडकली का देवातला पैसा दर्याला द्यायचा, माझी सासू द्यायची. आता मला बंदरापर्यंत चालवतंय काय? म्हटलं, घरात हाय तो पण दर्याच. खारा हाय ना? मी चाखून बघितला."

तांबं. सगळं मोजून झालं होतं, तांब्याचा संशयसुद्धा आला नव्हता. खाऱ्या पाण्यात तांबं उतरत जातं आणि कोरलांना ते विष. या टाकीच्या आसपास नंदू तांब्याचा लोटासुद्धा फिरकू देत नसे. मागे आईने माशांना कौतुकाने सुकटीचा चुरा टाकला, तेव्हा त्याने असं काही घर डोक्यावर घेतलं होतं की श्रुतिकाला मध्ये पडावं लागलं. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

ओला पैसा तळहातावर घेऊन तो उभा राहिला. आत्ता बाहेर ठेवला तर कोरलं कदाचित वाचली असती. पण बाहेर ठेवायचा तर काहीतरी सांगावं लागणार होतं.

"दिलेलं परत घ्यायचं नसतं रे," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "बाळा घरी येऊ दे. मंग काढ."

श्रुतिकाने तोंडाला पदर लावला.

नंदू वाकला. पैसा पुन्हा त्याच फटीत ठेवला, हलू नये म्हणून अंगठ्याने दाबला, आणि वरून दगड बसवला. जवळचं कोरल त्याच्या मनगटाला घासलं. ते आता बुळबुळीत लागत होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "काही होत नाही त्याने."

त्याने टॉवेल घेतला आणि हात पुसायला लागला. कोरडा झालेला हात पुसतच राहिला. आईची नजर टाकीवरून निघाली ती त्याच्यावर येऊन थांबली. त्याच्या बाह्यांवर, टॉवेलवर, मग तोंडावर. कितीतरी वेळ ती बघत होती आणि त्याला मान वर करता येत नव्हती.

"ओरडला नाहीस," ती म्हणाली.

नंदूने टॉवेलची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

आईने खुर्चीचे हात धरले, उठायचा प्रयत्न केला, आणि उठता येईना तेव्हा बसल्या जागीच हात पुढे केला.

"काढ तो पैसा," ती म्हणाली.