वेशीबाहेरचा मुक्काम

११ फेब्रुवारी २०१४, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. दॉ सान्येच्या माचाच्या घरात नऊ माणसे बसली होती. मधोमध चहापत्तीच्या लोणच्याचे ताट होते. पाहुण्या एंद्राने पिशवीतून कथलाचा एक डबा काढला, अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या उशाशी ठेवला आणि म्हणाली, "आजी, बाबांना आणलंय."

ताट लवंडले. तिघी शेजारणी जिन्याकडे धावल्या. एकीने दुसरीच्याच चपला पायात सरकवल्या. दॉ सान्येचा धाकटा भाऊ थेन हान तरुणपणी समुद्रापार पेनांगला कामाला गेला, तो परतलाच नाही. दोन महिन्यांपूर्वी तो वारल्याचा फोन आला. तिकडेच जन्मलेली त्याची मुलगी पहिल्यांदाच गावी येणार, एवढे सर्वांना ठाऊक होते. सोबत काय आणणार, हे कोणी विचारले नव्हते. गावाबाहेर मेलेला माणूस वेशीच्या आत आणायचा नाही, हे इरावतीच्या काठी कुणी कुणाला शिकवीत नाही.

"अगं, शुद्धीवर आहेस का? मेलेलं माणूस घरात आणलंस?" दॉ सान्ये किंचाळली.

"आत्या, हे त्यांचंच घर ना?"

तेवढ्यात गावचा मुखिया ऊ फोलाय धापा टाकीत वर आला. चपला काढायचे त्याला भान राहिले नव्हते.

"उचल तो डबा," तो दारातूनच म्हणाला. "वेशीबाहेर ने. आत्ता."

"मूठभर राख आहे हो, मामा."

"उद्या गावात कुणाला पान लागलं, कुणाचा बैल मेला, तर बोट कुणाकडे जाईल? तू जाशील विमानात बसून. इथं राहायचंय तुझ्या आत्याला."

एंद्राच्या गालांवर सकाळी आत्यानेच थनाखाच्या सालीचा चंदनी लेप लावला होता. आता त्यावरून पाण्याचे ओघळ उतरले. "तिकडे अग्नी दिला तेव्हा दोघंच होतो," ती म्हणाली. "मी आणि स्मशानातला माणूस. म्हटलं, इथं तरी त्यांना माणसं भेटतील."

ती डब्याकडे वळली आणि जागीच थबकली. डब्यावर एक सुरकुतलेला हात होता.

सत्त्याऐंशी वर्षांची दॉ ऑन्ची पावसाळ्यापासून उठली नव्हती. ही पौर्णिमा काही तिला दिसायची नाही, असे पखोक्कूच्या डॉक्टरांनी सांगितले होते. चार दिवसांत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिने डोळे उघडले.

"मला उचला."

"कुठं, आई?"

"पोरगं जातंय तिकडं."

दॉ सान्येने आईचे पायच धरले. तिची एकच इच्छा होती. आईचा प्राण याच घरात, देव्हाऱ्यातल्या बुद्धाच्या समोर जावा. शेवटची आंघोळ आपल्या हातून व्हावी. सात दिवस भिक्खूंचे जेवण याच माचावर व्हावे. लग्न न करता ती या म्हातारीपाशी राहिली, ती एवढ्यासाठी.

"आई, ऐक माझं. बाहेर काही झालं तर तुला परत आत आणता यायचं नाही. मी कितीही डोकं आपटलं तरी नाही."

"मला नको शिकवूस. तुझ्या जन्माआधीपासून पाळतेय मी," म्हातारी म्हणाली. "त्याला आत येता येत नाही. मला बाहेर जाता येतं."

सगळ्यांनी मुखियाकडे पाहिले. त्याने बराच विचार केला. मेलेल्याने आत यायला बंदी होती. जिवंताने बाहेर जायला बंदी असल्याचे त्याच्या बापानेही कधी सांगितले नव्हते.

"काय बघतोस, फोलाय? नागडा फिरायचास तेव्हापासून ओळखते तुला. खांदा दे."

वेताच्या आरामखुर्चीला दोन बांबू बांधले. पुढे एंद्रा डबा घेऊन, मागे खुर्ची, आणि खुर्चीला बिलगून दॉ सान्ये. तिचा कान आईच्या तोंडाशी होता. श्वास कधी लागे, कधी लागत नसे. वेशीपाशी तिने खुर्ची थांबवली.

"अजून वेळ गेलेली नाही, आई. माघारी फिरू."

म्हातारी डब्याकडे पाहत होती. खुर्ची वेशीतून बाहेर पडली. दॉ सान्ये मात्र तिथेच मातीत बसली. आत घर होते, बाहेर आई. आयुष्यात प्रथमच तिला उठून कुठे जावे ते कळेना. मग ती उठली, घरी गेली आणि भाताचे पातेले, चटई व मच्छरदाणी घेऊन बाहेर आली.

वेशीपुढे शिरीषाखाली वाटसरूंची लाकडी धर्मशाळा होती. तिथे आईचे अंथरूण पडले. विहारातले भिक्खू आले, सूत्रपठण झाले. शिरीषाच्या मुळाशी राख पुरली. जेवणाच्या वेळेपर्यंत निम्मे गाव त्या सावलीत जमले होते. कोणी भात आणला, कोणी मासळीची आमटी. एंद्राला बापाच्या लहानपणच्या खोड्या सांगायला एवढी तोंडे पुढे सरसावली, की ती कुणाकडे बघावे ते विसरली. ऊ फोलायने कोणाला न सांगता घरामागे म्हातारीसाठी रचून ठेवलेल्या शवपेटीच्या फळ्याही आणवून ठेवल्या. म्हातारीने चिरूट मागितला. शेवटचाच म्हणून कोणी नाही म्हटले नाही.

संध्याकाळी दॉ सान्येने पुन्हा विचारले, "आता तरी आत नेऊ?"

"तू जा. मी इथंच."

दॉ सान्ये गेली नाही. आईच्या छातीवर हात ठेवून ती बसून राहिली. आज ना उद्या, एवढाच प्रश्न होता.

दॉ ऑन्ची त्या धर्मशाळेत आणखी चार वर्षे जगली.