शेपटीजवळचा ठिपका

“पुन्हा मोज,” सर म्हणाले.

“मोजलंय, सर. पाठीवरच्या पंखातले काटे तेवढेच. खवल्यांची रांगही तेवढीच.”

“आणि हे रुंद अंग? हा ठिपका? दिसत नाही तुला?”

तिने ट्रेमधले दोन मासे शेजारी सरकवले. एक नदीतला, सडपातळ. दुसरा तळ्यातला, रुंद, शेपटीजवळ काळा ठिपका. तीसेक वर्षांपूर्वी सरांनी तळ्यातला मासा वेगळ्या जातीचा ठरवला आणि त्या जातीला आपल्या तान्ह्या मुलीचं नाव दिलं. तो पहिला नमुना अजून कपाटात होता, स्पिरिटच्या बरणीत, सरांच्या हातच्या चिठ्ठीसह.

“दिसतं. पण स्नायूंतली प्रथिनं जेलच्या थरावर चालवून वेगळी केली. दोघांचे पट्टे तंतोतंत जुळतात.”

“जेलही फसवतं कधी कधी.”

“म्हणून नदीतल्या एकाच मादीची पिल्लं दोन टाक्यांत वाढवली. वाहत्या पाण्यातली सडपातळ झाली. संथ पाण्यातली रुंद, ठिपक्यासकट. जात एकच आहे, सर. नदीवाल्याचं नाव जुनं, ते राहणार. तुम्ही दिलेलं जाणार.”

सर चष्मा पुसत राहिले.

“उभ्या आयुष्यात एवढा एकच शोध लावला. तो खोडायला तूच मिळालीस.”

“दुसऱ्या कुणी खोडला असता तर चाललं असतं?”

“निवृत्त होईपर्यंत तरी थांब.”

“नाही. शोधनिबंध उद्या पाठवतेय. तुम्ही नको म्हणालात तरी.”

“त्या मुलीचा विचार केलास? ‘माझ्या नावाचा मासा आहे’ म्हणून शाळाभर मिरवायची.”

“केला. तिला खोटा मान नकोय.”

“फार शहाणी झालीय.”

“शिकवणाऱ्याची चूक.”

सरांनी हसू खोकल्यात दडवलं. मग स्वतःच उठून बरणी टेबलावर आणून ठेवली. जुनी चिठ्ठी काढायची नाही, असा नियम. तिने शेजारी नवी चिकटवली, नदीच्या माशाच्या नावाची. कडा अंगठ्याने दाबल्या.

सर बराच वेळ दोन्ही चिठ्ठ्या वाचत उभे होते. मग दिवा मालवून त्यांनी दाराला कुलूप लावलं.

“घरी तुझ्या आईला काय सांगू?”

“सांग, बाबा,” ती पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, “त्या नावाची आता मी एकटीच उरले.”