काळ्या कुत्र्याची पोळी

चुडामण, हसायचं ते मागून हस, आधी फक्त ऐक. आपल्या बुधवारा मोहल्ल्यातला अनंत, तहसीलमधला बाबू, परवा शनिवारी दिवस मावळतीला मुलांच्या मैदानात घसरगुंडीमागे उभा. रुमालात तेल लावलेली पोळी, आणि जीव सगळा सूर्याकडे. कारण सूर्य बुडायच्या आत ती पोळी काळ्या कुत्र्याच्या पोटात गेली पाहिजे. कुत्र्याला एकही पांढरा केस नको. पोळी अख्खी, आणि आपल्या हातानं. असे पाच शनिवार केले की शनी सोडतो. अनंताचे चार झालेले. पाचवा चुकला की पहिल्यापासून सुरू, आणि सोमवारी तर भोपाळहून तबादल्याची, म्हणजे बदल्यांची, यादी येणार.

भोपाळ राजधानी धरून नवं राज्य झालं ना, तर जुने नागपूरकडचे, ग्वाल्हेरचे, रीव्याचे, सगळे बाबू एकाच यादीत कालवलेत. अनंताच्या नावापुढे भिंड लागणार असं कानावर आलेलं. भिंड कुठे आहे हे बिचाऱ्याला नकाशात हुडकावं लागलं.

आता तू म्हणशील, काळ्या कुत्र्याला काय तोटा? अरे, सगळी कचेरी तोच उपाय करतेय. बुधवाऱ्यातलं काळं कुत्रं दुपारपर्यंत सोळा पोळ्या खाऊन दुकानाच्या फळीखाली आडवं. अनंतानं पोळी नाकाशी धरली तर त्यानं एक डोळा उघडला, पाहिलं, नि परत मिटला. सिंधीपुऱ्यात एक आहे, पण त्याचा पाय पांढरा. मग कोणीतरी सांगितलं की एक परका माणूस रोज संध्याकाळी मैदानात काळं कुळकुळीत कुत्रं फिरवतो. हा सुटला पळत.

होताच तो. मोठ्या मिशा, पायात बूट, हातात साखळी, झोक्यांच्या मधून आरामात चाललेला. आणि त्याच्यासमोर आपल्या गल्लीतली मालूबाई, कमरेवर हात ठेवून. नातू तिचा झोक्यावर. तिचं म्हणणं, ही जागा लेकरांची आहे, कुत्रं न्या नदीवर. त्याचं म्हणणं, कुत्र्यानं कोणाला काही केलं नाही, उलट तुमच्या नातवानंच दोनदा शेपूट ओढलं. मालूबाईला अनंत दिसला नि तिला वाटलं, चला, आपला माणूस आला.

तर अनंत म्हणतो काय, "राहू दे ना मावशी. गरीब जनावर आहे."

मालूबाई त्याच्यावरच फिरली. "अनंता, मैदानात कुत्रे नको म्हणून अर्ज दिला आपण. अक्षर तुझं. पहिली सही तुझी."

अनंतानं ऐकलंच नाही. त्यानं रुमाल सोडला, पोळी पुढे केली, कुत्र्यानं मान लांबवली, आणि त्या माणसानं खस्सकन साखळी मागे ओढली.

"दूसरे के कुत्ते को ऐसे खिलाते हैं? पूछना नहीं आता?"

अनंत आधी म्हणाला, मला मुक्या जनावरांची फार माया. त्या माणसानं पोळीचा वास घेतला. तेल. मग त्यानं नुसतं विचारलं, आज वार कोणता? झालं, अनंतानं सगळं ओकलं. चार शनिवार, सोमवारची यादी, घरातली रडारड. आणि बोलण्याच्या भरात हेही बोलून गेला की त्या भिंडसारख्या उजाड मुलखात माणसानं राहायचं तरी कसं.

त्या माणसानं मिशीवरून हात फिरवला.

"मैं भिंड का हूँ।"

अनंताला वाटलं, घसरगुंडीखाली जागा असती तर बरं. पण तो माणूस चिडला नाही. नाव भदौरिया, बांधकाम खात्यात बाबू. याच भानगडीत तीन महिन्यांमागे त्याला इकडे फेकलेलं. आई तिकडे एकटी, डोळ्यांनी अधू. एवढं सांगून त्यानं कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली नि उलगडली. आत रोटी. तेल लावलेली. त्याचाही पाचवा शनिवार, त्यालाही सोमवारची यादी, फक्त त्याला परत भिंडच हवं. आणि कुत्रं? कुत्रं त्याचं नव्हतंच. घरमालकाचं, फिरवून आणतो सांगून मागून आणलेलं.

मालूबाई म्हणाली, मग मघाशी अनंताला शिकवत काय होतात? पण दोघांचे चेहरे पाहून तीही नरमली. म्हणाली, दोघं एकेक घाला नि जा घरी. भदौरियानं मान हलवली. हे कुत्रं संध्याकाळी एकच खातं, दुसरी दिली की मातीत पुरून ठेवतं.

"मग अर्धी-अर्धी घाला."

"अख्खी लागते," अनंत म्हणाला, नि त्याच दमात भदौरिया म्हणाला, "पूरी लगती है।"

सूर्य चिंचेच्या शेंड्याखाली गेला होता. मग भदौरियानं आपली रोटी परत कागदात गुंडाळली, खिशात घातली, आणि साखळी अनंताच्या हातात दिली.

"आप खिला दीजिए। मेरा तो वहाँ घर है, आज नहीं तो कल पहुँच जाऊँगा। आप वहाँ किसके पास जाएँगे?"

असं म्हणाला नि पाठ फिरवून गेला, मालूबाईच्या नातवाचा झोका ढकलायला. एवढा मिशीवाला माणूस, मोजून मापून झोका देतोय, आणि एकदाही वळून बघत नाही.

इकडे अनंताच्या एका हातात साखळी, एका हातात पोळी. कुत्र्यानं तोंड उघडलेलं. सूर्य नखाएवढा उरलेला.

आता खरं सांग चुडामण, तू काय केलं असतंस?