पूल ओळखणारं कुत्रं

टिप्या पुन्हा भुंकला आणि नाथाजीने कासरा ओढला. बैल थांबले. जत्रेला सोबत निघालेल्या जोतीरामाची मागची गाडीही थांबली. सगळी माणसं मुकाट्याने खाली उतरली, कारण समोर पूल होता. सकाळी कोयनेच्या पुलापाशी हेच झालं होतं, आणि मधल्या एका मोरीपाशीसुद्धा.

"बेणं लय हुशार हाय गड्या," जोतीराम म्हणाला. "आत बसून पूल वळखतंय."

नाथाजीची बायको लीलाबाई पोरांना घेऊन रिकाम्या गाडीमागून पूल ओलांडत होती. कौतुक करण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती. पाच वर्षं तिला धड झोप नव्हती.

सदुसष्टच्या भूकंपात तिची नणंद बनुबाई पाटणच्या बाजूला, सासरच्या घराखाली गाडली गेली. सासूबाई, म्हणजे हरणाबाई, तेव्हा लेकीकडेच होत्या. त्या वाचल्या. मलकापूरला परत आल्या त्या पदराखाली एक पिल्लू घेऊन. "त्या राती ह्येची आय भुकत हुती," त्यांनी येईल त्याला सांगितलं. "कुणी उठलं न्हाई." तेव्हापासून टिप्या भुंकला की सगळं घर अंथरुणं घेऊन अंगणात. थंडी असो नाहीतर पाऊस. आणि टिप्या मुळातच भित्रा. चुलीवरचं झाकण पडलं तरी थरथर कापायचा. पोरं शाळेत पेंगायची, नाथाजी औत हाणताना डुलक्या काढायचा. पण भुंकलेल्या कुत्र्याकडे कानाडोळा करायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

म्हणून तिने हा घाट घातला होता. बैलगाडीवर बांबूच्या कमानी, त्यांवर घोंगडी टाकून केलेलं छत, आत भाकऱ्या आणि वाकळा, आणि चार दिवस पालीच्या खंडोबाची जत्रा. कुत्र्यालाही न्यायचं. येताना मात्र त्याला देवाच्या दारात सोडून यायचं. खंडोबाला कुत्रं प्रिय, तेव्हा पाप लागायचा प्रश्न नव्हता. नाथाजीने मान डोलावली होती. म्हातारीला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पण आता लीलाबाईच्या डोक्यात वेगळाच भुंगा शिरला. छताखाली, सासूबाईंच्या मांडीला चिकटून, वाकळेत तोंड खुपसून पडलेल्या कुत्र्याला पूल कळतो कसा? पाण्याचा वास येत असेल म्हणावं, तर ती मोरी ठणठणीत कोरडी होती. चाकांचा आवाज बदलत असेल म्हणावं, तर हा भुंकायचा पुलाच्या कितीतरी अलीकडे. तिला काही केल्या उलगडा होईना. शेवटी पुलापलीकडे गाडीत चढल्यावर ती टिप्यासमोर बसली आणि डोळे अर्धवट मिटून पेंगल्याचं सोंग घेतलं.

उंब्रजच्या अलीकडे रस्ता उताराला लागला. टिप्या गाढ झोपला होता. गाडीचे हिसके बसत होते, तरी पठ्ठ्या चक्क घोरत होता. हरणाबाईंनी मान लांब करून नाथाजीच्या खांद्यावरून पुढे पाहिलं. मग त्यांचा हात हळूच वाकळेखाली गेला.

टिप्या कळवळून उठला आणि भुंकायला लागला.

गाडी थांबली. सगळे उतरले. लीलाबाई जागची हलली नाही.

"आत्याबाई, तुमी चिमटा काडला त्येला."

हरणाबाईंनी टिप्याची पाठ चोळायला सुरुवात केली. बराच वेळ चोळत राहिल्या.

"त्या राती कुत्रं भुकलंच न्हवतं," त्या म्हणाल्या. "मीच वरडत हुते. जमीन जराशी हालली हुती. बनूला म्हनलं, पोरी, भाईर झोपू चल. ती म्हनली, आये, तुजं आपलं कायतरीच. लय थंडी हाय, गप पड. मी पिल्लू उचललं आन एकलीच अंगनात जाऊन बसले."

लीलाबाईने टिप्यावरची वाकळ बाजूला केली.

"म्हातारीचं कोन आयकतंय? कुत्रं भुकलं की समदी उठत्यात." मग त्यांनी सुनेकडे सरळ पाहिलं. "ह्येला पालीत सोडनार हाय तुमी. ठावं हाय मला. सोडा. पर मग माजं आयकाल का, तेवढं सांग."

लीलाबाईला स्वतःची लाज वाटली. 'आत्याबाई, तुमचं आपलं कायतरीच' हे तिने किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशेबच नव्हता. अगदी कालसुद्धा म्हटलं होतं. ती उतरली आणि पोरांमागे चालू लागली.

पाली जवळ आली. लांबून ढोल ऐकू येऊ लागले. झाडांमागून आणखी एक पूल दिसला. टिप्या झोपला होता. हरणाबाईंनी पुढे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतले.

"गाडी थांबवा," लीलाबाई म्हणाली.

नाथाजीने वळून पाहिलं. "आता कशाला? कुत्रं तर गप हाय."

"कुत्र्याचं ऱ्हाऊ द्या. आत्याबाईंना भ्या वाटतंय. उतरायचं."

नाथाजीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग कासरा ओढला. तो उतरला, पोरं उतरली, मागच्या गाडीतली माणसंही काही न विचारता उतरली. लीलाबाईने हाताला धरून सासूला खाली घेतलं.

टिप्या तेवढा गाडीत घोरत राहिला.