घरचंच दुकान

“औषधाचं नाव?” सुनेनं विचारलं.

“पांढरी,” सासूबाई म्हणाल्या.

“पांढरी हे नाव नाही हो, आई. कशासाठी घेता?”

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे पेपर वाचत होते, आणि पेपर वाचताना त्यांना घरातलं सगळं ऐकू येत असे.

“झोपेसाठी,” ते म्हणाले. “लिही. पुढचा प्रश्न?”

सून फार्मसी टेक्निशियनचा डिप्लोमा करत होती. घरचा अभ्यास असा होता की रोज औषध घेणाऱ्या कुणालातरी ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वर्गात सांगायची. तिनं सासूबाईंना निवडलं, कारण त्या घरातच सापडत. डिप्लोमा अर्धवेळ होता. शनिवार-रविवारी दुपारी वर्ग, एरवी सासऱ्यांच्या औषधाच्या दुकानात काउंटर, आणि या दोन्हींतून जो निवांत वेळ उरे त्यात सगळा स्वयंपाक. तिला शिकवायची थोर कल्पना सासऱ्यांचीच. दुकानात डिप्लोमावालं माणूस असलंच पाहिजे असा नवा नियम आला आणि त्यांच्या मनात स्त्रीशिक्षणाबद्दल एकाएकी जिव्हाळा दाटून आला. बाहेरचं माणूस पगार मागतं. सून मागत नाही.

“कुठल्या डॉक्टरांनी दिली?”

पेपर खाली आला. “डॉक्टर कशाला लागतो? घरचंच दुकान आहे. बरीच वर्षं झाली, जेवण झालं की मी स्वतः हिच्या हातावर गोळी ठेवतो. विचार तुझ्या मॅडमना, किती बायका एवढ्या नशीबवान असतात!”

सासूबाईंनी मान हलवली. हल्ली त्या कशालाही मान हलवत. एके काळी त्यासुद्धा दुकानात बसत म्हणे. मग एकदा गिऱ्हाइकाला भलतीच बाटली दिली आणि कायमच्या घरी बसल्या. आता त्या स्वतःच्या मुलाला आपल्या धाकट्या दिराच्या नावानं हाक मारत, भिंतीला धरून चालत, बोलता बोलता मध्येच थांबत आणि आपण कुठे होतो ते शोधत राहत. घरानं एकमतानं निदान केलं होतं : वय झालं. वय फारसं झालं नव्हतं, पण निदान झालं होतं.

दुपारी वर्गात सुनेनं उत्तरं सांगितली. शिकवणाऱ्या मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“विसरतात का त्या? चालताना तोल जातो?”

सुनेनं वहीत डोकं घातलं. आजवर उत्तर येत नसलं की ती वहीत डोकं घाले. आज येत होतं म्हणून घातलं.

“गोळी एकदम बंद करू नका,” मॅडम म्हणाल्या, “ते जास्त वाईट. डॉक्टरांकडे न्या. ते हळूहळू कमी करतील.”

जेवताना तिनं विषय काढला. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

“चार पुस्तकं वाचली नाहीत तोवर घरातल्यांवर प्रयोग! मी तुला काउंटरसाठी शिकायला पाठवलं, घरासाठी नाही. उद्यापासून तो कोर्स बंद!”

नवऱ्यानं आमटी वाढून घेतली. या प्रकरणात तो तटस्थ होता. तो सगळ्याच प्रकरणांत तटस्थ असे, आणि त्याला त्याचा समजूतदारपणा म्हणत.

“बरं, बाबा,” सून म्हणाली. “मग दुकानासाठी बाहेरचं माणूस कधीपासून बघायचं?”

सासऱ्यांनी घास गिळला. तत्त्व मोठं की पगार, याचा त्यांनी भात संपेपर्यंत विचार केला. दुसऱ्या दिवशी सून सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, मग पाव. ते दिवस वाईट गेले. सासूबाई कूस बदलत, चिडत, कारण नसताना रडत. सासरे रोज सकाळी ताज्या उत्साहानं विचारत, “काय, झाली का झोपेची माती? आणा अजून डिप्लोमे!” सून पाठांतर करता करता सासूबाईंच्या खोलीकडे कान देई. आपलं चुकलं तर या घरात आपल्याला काय काय ऐकावं लागेल, हे तिला पाठांतराशिवायच पाठ होतं.

मग एका सकाळी सासूबाई भिंत सोडून खोलीच्या मधून चालत आल्या. चहा पिणाऱ्या मुलासमोर उभ्या राहिल्या. त्याला त्याच्याच नावानं हाक मारली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“अरे,” त्या म्हणाल्या, “तुझे केस कधी पिकले?”

तटस्थ नवरा कप ठेवून उठला आणि न्हाणीघरात गेला. बराच वेळ नुसता नळ वाहत होता.

परीक्षा जवळ आली. सून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी औषधांची नावं घोकत बसली होती आणि एका नावावर तिची जीभ सारखी अडखळत होती. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी ते नाव स्वच्छ, न अडखळता म्हटलं. वर ते कशावर देतात तेही सांगितलं.

सून बघतच राहिली. “आई! तुम्हाला कसं येतं हे?”

“हाच कोर्स गं. आमच्या वेळीही होता. पुस्तकं आणून वाचायलासुद्धा लागले होते मी.”

“मग केला का नाहीत?”

सासूबाईंनी एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं.

“ह्यांना सांगितलं, मला नाव घालायचंय म्हणून. तेव्हा मी अंथरुणाला पाठ टेकली की ढाराढूर झोपायचे. पण दुसऱ्याच दिवसापासून ह्यांना माझ्या झोपेची काळजी वाटायला लागली.”